शेअर घेऊन 15-20 वर्षं गप्प बसणं आपल्यासारख्यांना जमतं का?

जिंतूरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, 2005 नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन नाही. घरची साडेचार एकर आहे, सोयाबीन-तूर, वडील बघतात. महिन्याला पाच हजार बाजूला पडतात आणि आडतीवरून सोयाबीनची पट्टी आली की वर थोडे. घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात शेजारची जमीन निघाली की घे, मेव्हणे म्हणतात परभणीत प्लॉट घे, आणि शाळेत मधल्या सुट्टीत निम्मा स्टाफ मोबाईलमध्ये मुंडी घालून कॉल-पुट (भाव वर जाईल का खाली यावर पैसे लावायचे सौदे) करायलाय. मला यातलं काहीच नको वाटायलं. चांगले शेअर नाहीतर म्युच्युअल फंड घ्यायचे आणि पोरगी मोठी होईपर्यंत हातच लावायचा नाही, एवढंच डोक्यात आहे. हे खरंच जमतं का, की हे पुण्या-मुंबईच्या पगारदारांचं काम? ज्यांनी धरून ठेवलंय त्यांनीच लिहा, व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगछाप सल्ले नकोत.

मोंढ्यातला
गुरुजी, आधी त्या निम्म्या स्टाफपासून लांब बसा. अर्धा नफा तिथंच झाला.

वाळूज_रिटायर्ड
मास्तर, मी धरून ठेवलंय म्हणून लिहायलो. वाळूजला बजाजमध्ये नोकरी केली, 90 च्या दशकात थोडे थोडे करून कंपनीचेच शेअर घेतले. अभ्यास वगैरे काही नव्हता, रोज गेटातून किती गाड्या बाहेर पडतात ते डोळ्यानं दिसायचं एवढाच अभ्यास. कागदी सर्टिफिकेट होती तेव्हा, लोखंडी पेटीत जमिनीच्या कागदांसोबत पडलेली. 2008 ला कंपनीची वाटणी झाली आणि एका शेअरच्या जागी तीन नावं आली: बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह आणि जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज म्हणून राहिली. मला तर वाटलं काहीतरी गडबड झाली. पोराने समजावून सांगितलं. पुढं फिनसर्व्हचे 2022 ला स्प्लिट (शेअरचे तुकडे) आणि बोनस (फुकट जादा शेअर) धरून एकाचे दहा झाले. मधल्या काळात पोरीचं लग्न झालं तेव्हा थोडे विकले, बाकीचे आहेत. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, येतो त्यात वर्षाचा किराणा निघतो.

पण एक खरं सांगतो. आमच्या लाईनवरच्या पोरांनी त्याच काळात फायनान्स कंपन्यांचे शेअर घेतले, सागवानाच्या झाडाच्या स्कीम घेतल्या, त्यांनी पण तितकंच धरून ठेवलं. त्यांच्याकडं आज फक्त कागद आहेत.

तेरणाकाठ
वाळूजवाल्या काकांच्या शेवटच्या चार ओळी मोठ्या अक्षरात छापून लावा. या धाग्यावर आता दहा जण येणार, आमच्या मामाने अमुक घेतला होता आज कोटी झाले. ज्यांच्या मामाचे बुडाले ते कामून लिहितील?

खानदेशचा_जावई
तेरणाकाठ, मामा नाही, सासुरवाडी सांगतो 😀 अमळनेर. विप्रोचा जन्म तिथला, 1945 ला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. गावातल्या बऱ्याच लोकांनी तेव्हा शेअर घेतले आणि पिढ्यानपिढ्या विकलेच नाहीत, पोरगी झाली की तिच्या नावावर दोन ठेवा असली पद्धत. तिथं शेअर विकणं म्हणजे शेत विकल्यासारखं बघतात लोक. आता तुपाची कंपनी उद्या कॉम्प्युटरची होणार हे त्यातल्या एकालाही माहिती नव्हतं, ते फक्त बसून राहिले.

तेरणाकाठ
आलंच का अमळनेर! मला माहीतच होतं. भाऊ, अमळनेर एकच आहे. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, 1986 ला सुरू झाला तेव्हा त्यातल्या 30 कंपन्या म्हणजे देशातल्या सगळ्यात भारी कंपन्या. त्यात हिंदुस्तान मोटर्स होती, प्रीमियर ऑटोमोबाईल्स होती. अँबेसेडर आणि पद्मिनी. तेव्हाच्या माणसाला विचारलं असतं की 40 वर्षं टिकेल अशी कंपनी सांग, तर तुपाच्या कारखान्याचं नाव घेतलं असतं का अँबेसेडरचं?

आणि अजून एक. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई 1989 च्या शेवटी 38,900 च्या वर होता, तो आकडा परत दिसला फेब्रुवारी 2024 मध्ये. 34 वर्षं! अख्खी नोकरी संपून माणूस रिटायर होतो एवढ्यात. ‘लाँग टर्म’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

नांदेडची_सीए
उत्तर देते. हिंदुस्तान मोटर्स सेन्सेक्समधून गेली, सेन्सेक्स राहिला. ज्याने एकच कंपनी धरली तो तिच्याबरोबर बुडाला, ज्याने पूर्ण टोपली धरली त्याच्या टोपलीतून नासकं आपोआप निघत गेलं आणि नवीन येत गेलं. म्हणून साध्या माणसाने इंडेक्स फंड घ्यावा असं मी माझ्या प्रत्येक क्लायंटला सांगते, निफ्टी 50 चा (50 मोठ्या कंपन्यांची टोपली), कमी खर्चाचा, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नसलेला. कुठली कंपनी अमळनेरवाली निघेल हे शोधायची गरजच नाही, निघाली तर ती यथावकाश टोपलीत येतेच.

जपानचं उदाहरण बरोबर आहे, पण ते 1989 च्या डिसेंबरात एकरकमी पैसा टाकणाऱ्याचं आहे. तिथं तेव्हा शेअर आणि जमिनी दोन्हीचे भाव वेडेवाकडे चढले होते. दर महिन्याला थोडं थोडं टाकणाऱ्याला पुढच्या पडझडीत स्वस्तात पण मिळत गेलं, आणि डिव्हिडंड वेगळा. तरी त्रास झालाच, नाही म्हणत नाही.

मास्तर, आता तुमचे आकडे. महिना 5000, 20 वर्षं, खिशातून गेले 12 लाख. वर्षाला 12 टक्के सुटले तर साधारण 50 लाख होतात, 10 टक्के सुटले तर 38 लाखांच्या आसपास, 8 टक्क्याने साडेएकोणतीस. एजंट तुम्हाला 50 चा आकडा दाखवतो आणि कधीकधी 15 टक्के धरून 75 लाखांपर्यंत नेतो. तुम्ही 10 धरा. आणि महागाई 6 टक्के धरली तर ते 38 लाख म्हणजे आजचे 12 लाख.

मोंढ्यातला
म्हणजे टाकले 12 आणि मिळाले 12??? ताई यापेक्षा आमच्या आडतीवर ठेवा, निदान चहा तरी मिळेल.

नांदेडची_सीए
😀 अहो दादा, तुम्ही 19 व्या वर्षी टाकलेले 5000 पण आजचे 5000 नसणार ना. टाकायच्या बाजूला पण तीच महागाई लावा, मग तुमचे 12 लाख म्हणजे आजचे जेमतेम 7. सातचे बारा. छाती फुगवण्यासारखं नाही, पण पैसा कुजला तर नाही. तुमच्या आडतीवरच्या चहाला पण महागाई आहेच.

लातूर_पॅटर्न
20 वर्षांत सातचे बारा?? सॉरी टू से पण एवढं थांबायचं तर मग शेअर मार्केट कशाला. मी इंजिनिअर आहे, चार्ट बघून एक्सपायरीच्या (सौदा संपायच्या) दिवशी ऑप्शन, म्हणजे तेच कॉल-पुट, करतो, महिन्याला तेवढं निघतं. अभ्यास पाहिजे फक्त. लाँग टर्म हे ज्यांना अभ्यास करायचा नाही त्यांच्यासाठी.

वाळूज_रिटायर्ड
बेटा, महिन्याला निघतं ते चांगलंच आहे. बारा महिन्यांचं एकत्र स्टेटमेंट इथं टाक.

नांदेडची_सीए
शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 ला आकडे काढलेत, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचे. एफ अँड ओ (फ्युचर आणि ऑप्शनचे सौदे) करणाऱ्या 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोनेक लाख. माझ्याकडे रिटर्न भरायला येतात त्यात पण हेच चित्र, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना तो तोटा आहे हे मी सांगितल्यावर कळतं. त्यांच्या डोक्यात फक्त फायद्याचे दिवस असतात.

मोंढ्यातला
लातूर पॅटर्न कुठं गेला? स्टेटमेंट डाऊनलोड व्हायलंय वाटतं, रेंज नसंल.

वसमतची_हळद
मला या सगळ्या ‘थांबा थांबा’ च्या गोष्टीवर वेगळं बोलायचं आहे. आपल्याकडं थांबायची सवय नाही असं कोण म्हणतं? 2021 ला सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात दहा हजारांच्या घरात गेलं. तेव्हापासून आमच्या भागात लोकांनी माल घरात, गोदामात भरून ठेवला, की परत दहा हजार येतील. काय आलं? 2024 ला हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात त्याच्याही खाली विकावं लागलं. दोन-तीन वर्षं थांबून वजनात घट, उंदीर, आणि वर भाव निम्मा. तेव्हा गुरुजी, धीर धरला की फळ मिळतंच हे डोक्यातून काढा.

गोदाकाठी_बाभूळ
हळदराव, मुद्दा पटला पण थोडा उलटा बघा. पोत्यातलं सोयाबीन पडून पडून वाढत नाही, एका क्विंटलचे सव्वा होत नाहीत. तुम्ही फक्त भावावर थांबला होता. चांगल्या धंद्याचा शेअर घेतला तर तुम्ही झोपलेले असताना ती कंपनी माल विकत असते, नफा कमवत असते, त्यातला थोडा तुम्हाला डिव्हिडंड देते आणि बाकीच्यात नवीन कारखाना टाकते. थांबण्याचे पैसे त्याचे मिळतात. म्हणून जी कंपनी नफाच कमवत नाही, तिचा शेअर ‘लाँग टर्म’ म्हणून धरणं म्हणजे सोयाबीनच झालं. काकांच्या लाईनवरच्या पोरांचं तेच झालं असणार.

वसमतची_हळद
हे बरोबर बोललात. हे असं कुणी सांगतच नाही राव, सगळे नुसते ‘पेशन्स पेशन्स’ करतात.

कुंथलगिरीचा_पेढा
सोनं राहिलंच की ओ. सरकारी सुवर्ण रोख्यांचा पहिला हप्ता 2015 च्या नोव्हेंबरात 2,684 रुपये ग्रॅमने निघाला, 2023 ला 6,132 ने परत मिळाला आणि वर अडीच-पावणेतीन टक्के व्याज. 2025 ला तर तोळा लाखावर गेला. बायकोला सांगून शेअर घेता येत नाहीत, सोनं घेता येतं, हा एक फायदा कुठल्याच चार्टमध्ये दिसत नाही.

मोंढ्यातला
बायकोला सांगून घेता येतं पण बायकोला सांगून विकता येतं का तेवढं बोला.

कुंथलगिरीचा_पेढा
म्हणूनच तर लाँग टर्म होतं 😂

आंबेजोगाईची_अक्का
हसून झालं असंल तर मी बोलते. मास्तर, तुम्ही विचारलं जमतं का. मी आणि मिस्टर 2011 पासून फंडात टाकतो. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे पाऊस पडला नाही तर उधारी वसूल होत नाही, सगळं गावच अडकतं. 2012-13 चा दुष्काळ, मग 2014 आणि 2015 लागोपाठ. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं, आमच्याकडं तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर असायचं. त्या वर्षी फंडातले पैसे काढायचेच असं घरात ठरलं होतं. काढले नाहीत, कारण सासूबाईंनी पोस्टात आरडी आणि एमआयएसमध्ये (महिन्याला व्याज देणाऱ्या योजनेत) ठेवलेले होते, त्यावर दीड वर्ष घर चाललं. सासूबाईंना शेअर म्हणजे काय ते माहिती नाही, पण आमचे शेअर त्यांनी वाचवले.

म्हणून मला ही ‘स्वभाव शांत पाहिजे, धीर पाहिजे’ वगैरे भाषा पटत नाही. धीर स्वभावात नसतो, तो पोस्टाच्या पासबुकात असतो. पुण्याच्या पगारदाराचा पगार पाऊस नाही पडला तरी होतो, त्यामुळं त्याला सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव म्हणतात. आपल्याकडं दुष्काळ एकटा येत नाही, दोन-दोन वर्षं लागोपाठ येतो. शेतीवर किंवा शेतीच्या धंद्यावर घर असेल तर दीड-दोन वर्षांचा खर्च पोस्टात किंवा चांगल्या बँकेत पडलेला पाहिजे, त्याच्यानंतर शेअर.

आणि हो, ‘चांगली बँक’ म्हणजे बँकच. जास्त व्याज देणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांचे पैसे एका ठिकाणी अडकलेत, मोर्चे काढून झाले, नाव घेत नाही.

नांदेडची_सीए
अक्का, 🙏. हे मी आकड्यात सांगितलं असतं तर कुणी वाचलं नसतं.

तेरणाकाठ
अक्कांचा मुद्दा मान्य. आता माझा विरोध निम्मा झाला, निम्मा आहे अजून. लोक म्हणतात मार्केट पडलं की भीती वाटते. मला पडण्याची भीती नाही. 2020 ला बघा, 22 मार्चला रविवारी थाळ्या वाजवल्या, सोमवारी 23 ला मार्केट एका दिवसात 13 टक्के पडलं, आणि नोव्हेंबरपर्यंत परत जागेवर. आठ महिने. एवढं कुणीही थांबतं. पण जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 21,000 ला टेकला, मार्च 2009 ला 8,000 च्या आसपास, 2010 च्या शेवटी परत तिथपर्यंत येऊन खाली गेला, आणि ती पातळी पक्की ओलांडायला 2013 चं शेवट उजाडलं. जवळजवळ सहा वर्षं काहीच नाही. शेजारच्याचा प्लॉट त्याच सहा वर्षांत तिप्पट झालेला. तिथं माणूस तुटतो.

गोदाकाठी_बाभूळ
तुटतो हे खरंय. पण त्याच सहा वर्षांत जो महिन्याला टाकत राहिला त्याने 8,000 पासून 20,000 पर्यंत सगळ्या भावाला घेतलं. त्याला 2013 ला तोटा नव्हता, बऱ्यापैकी फायदा होता. आणि प्लॉटचं म्हणाल तर तिप्पट झालेला प्लॉट दिसतो, गुंठेवारीत अडकलेला, सात-बारावर भलत्याचंच नाव निघालेला दिसत नाही. तुमचाच नियम प्लॉटला पण लावा की तेरणाकाठ, ज्यांचा बुडाला ते लिहीत नाहीत.

तेरणाकाठ
हम्म. लावला.

बिंदुसरा
एक छोटा मुद्दा राहतोय. डायरेक्ट आणि रेग्युलरचा (एजंटमार्फतच्या प्लॅनचा) फरक ताईंनी एका शब्दात सांगितला, पण आपल्याकडं खरा घोळ बँकेच्या काउंटरवर होतो. वडील एफडी मोडायला गेले आणि घरी आले ते विमा जोडलेली पॉलिसी घेऊन, पाच वर्षं लॉक. त्यांना वाटलं एफडीच आहे, जरा जास्त व्याजाची. बँकेचं नाव जाऊ द्या. म्हाताऱ्या माणसासोबत एकजण जावा एवढंच.

आणि विकताना टॅक्स आहे हे पण लक्षात असू द्या. एक वर्षाच्या वर ठेवून विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यापुढं साडेबारा टक्के. जुलै 2024 पासून. वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के. शेतीच्या उत्पन्नाची सवय असलेल्या आपल्या लोकांना टॅक्स म्हटलं की धक्काच बसतो.

जिंतूरचा_मास्तर
बाप रे, दोन दिवस परीक्षेच्या गडबडीत होतो, केवढं लिहिलंय सगळ्यांनी. अक्का, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. वडील एवढंच म्हणले, बाई शहाणी आहे.

एक विचारायचं राहिलं. आमच्या पगारातून एनपीएसला (नव्या पेन्शन योजनेला) जातात ते पैसे कुठं असतात? स्टाफमध्ये एकालाही नीट सांगता आलं नाही, 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनच्या संपात मात्र सगळे होतो 😀

नांदेडची_सीए
मास्तर, म्हणजे तुम्ही आधीपासूनच शेअर मार्केटमध्ये आहात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या डिफॉल्ट योजनेत थोडा भाग शेअरमध्ये असतो, बाकी सरकारी रोखे आणि कंपन्यांचे रोखे. आणि बघा, तिथं तुम्ही नोकरीला लागल्यापासून हात लावलेला नाही, एकदाही भाव बघितलेला नाही. मग जमतं का विचारता, जमलंच की.

जिंतूरचा_मास्तर
अरेच्चा.

बरं, मग असं ठरवायलो: या वर्षी आणि पुढच्या वर्षी सोयाबीनचे जे येतील ते पोस्टात आणि राष्ट्रीयीकृत बँकेत, दीड वर्षाचा खर्च होईपर्यंत. पाच हजारांपैकी तीन हजाराची एसआयपी (महिन्याचा हप्ता) निफ्टी इंडेक्सची आत्ताच चालू, ते राखीव भरले की पाच. शेअर एकेकटे घ्यायचे नाहीत. जमीन निघाली तर... वडील आहेत तोवर त्यावर मी बोलत नाही.

मोंढ्यातला
गुरुजी तुमच्या वडिलांचा फोन नंबर द्या, माल कुठं घालतात विचारतो.

नवीन_सभासद_उदगीर
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. वाळूजच्या काकांची पेटी वाचून आठवलं, आमच्या आजोबांच्या पेटीत पण जुने कागदी शेअर सापडलेत, दोन कंपन्यांचे, एक तर चालू आहे. आजोबा 2009 ला वारले. गावात एकजण म्हणतो 20 टक्के कमिशन दे, सगळं काढून देतो. द्यावं का?

नांदेडची_सीए
अजिबात देऊ नका, आणि त्याच्याकडे मूळ कागद तर मुळीच नको. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी वारसाच्या डिमॅटमध्ये (शेअरच्या ऑनलाइन खात्यात) आणावे लागतात. सात वर्षं सलग डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर बहुतेक सरकारच्या आयईपीएफ फंडाकडे गेले असतील. बुडालेले नाहीत, मागता येतात, आयईपीएफ-5 नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. आधी कंपनीच्या वेबसाइटवर तिचा रजिस्ट्रार (शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) कोण ते बघा आणि त्याला फोलिओ नंबर, म्हणजे कागदावरचा खाते क्रमांक, देऊन पत्र लिहा, तोच सांगतो कुठले कागद लागतील. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद हे धरूनच चाला. वेळ लागतो, महिने जातात.

नवीन_सभासद_उदगीर
धन्यवाद मॅडम. कागदावर आजोबांचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं आहे, आडनावच बदललंय. आणि फोलिओ नंबर इथं फोटोत टाकू का?

वाळूज_रिटायर्ड
फोटो टाकू नको रे बाबा, इथं पण नको आणि कुठल्याच ग्रुपवर नको. नावाचं माझ्याही कागदात झालं होतं, मला प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं, रजिस्ट्रारने त्याचा नमुना पाठवला होता. तू आधी पत्र पाठव, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून ठेव.